इंद्रावरील खटला आणि अस्थींची साक्ष

खुनाच्या खटल्यांत न्यायाधीशासमोर पहिला प्रश्न येतो तो आरोपी कोण हा नव्हे. मृताला मृत्यु कशानें आला, हा तो प्रश्न होय. घाव शस्त्राचा कीं पडल्यामुळें झालेला, जिवंतपणीं बसलेला कीं प्रेत हलवितांना झालेला, हें ठरल्यावांचून पुढचें सारें बोलणें व्यर्थ असतें. म्हणून न्यायालय वैद्याची साक्ष घेतें. आणि मांस झडून जाऊन केवळ सांगाडा उरला असेल, तर अस्थिशास्त्रज्ञाला पाचारण करतें. इतिहासांतहि असा एक खटला होऊन गेला. त्यांतील मृत सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचे, घटनास्थळ सिंधमधील मोहेंजोदडो, आणि आरोपी प्रत्यक्ष देवराज इंद्र! या खटल्यांत आरोप आधीं ठेवण्यांत आला, निकालहि अनेकांनीं आपल्या मनाशीं देऊन टाकला. परंतु मृतांच्या हाडांना त्यांच्या मृत्यूचें कारण विचारण्याचें काम मात्र सुमारें पस्तीस वर्षांनीं झालें.

मोहेंजोदडो आज पाकिस्तानच्या सिंध प्रांतांत, लारकाना जिल्ह्यांत आहे. इ. स. १९२२ मध्यें राखालदास बॅनर्जी यांनीं तेथें खणावयास आरंभ केला, आणि १९२४ सालीं हिंदुस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल यांनीं या नव्या संस्कृतीचा शोध जगासमोर मांडला. सरळ रुंद रस्ते, भाजलेल्या विटांचीं घरें, घरोघर विहिरी, झांकलेलीं गटारें असें हें नगर पाहून विद्वज्जन थक्क झाले. नगराची स्मशानभूमि मात्र त्यांच्या हातीं लागली नाहीं. जीं थोडीं मानवी हाडें निघालीं तीं अनपेक्षित जागीं निघालीं. हारग्रीव्ह्ज यांनीं खणलेल्या भागांत एका घराच्या एकाच खोलींत चौदा सांगाडे अस्ताव्यस्त पडलेले होते. त्यांतील एक बालकाचा होता, आणि कित्येकांच्या अंगावर बांगड्या, आंगठ्या व मणी तसेच होते. दुसऱ्या एका गल्लींत सहा सांगाडे सांपडले. मॅके यांना एका उथळ खड्ड्यांत हस्तिदंतांच्या सान्निध्यांत नऊ सांगाडे मिळाले. त्यांतील पांच मुलांचे होते. एका विहिरीच्या खोलीच्या पायऱ्यांवर दोन व बाहेर दोन असे आणखी चार निघाले. हस्तिदंताचें काम करणारें एखादें कुटुंब चीजवस्तु घेऊन पळूं पाहत असतां लुटारूंनीं गांठलें असावें, असा तर्क मॅके यांनीं त्या नऊ सांगाड्यांवरून केला. तो केवळ तर्क होता, आणि तो एका घटनेपुरताच होता.

या तर्काचा इतिहास झाला तो पुढें. १९४४ मध्यें पुराणवस्तु खात्याचीं सूत्रें मॉर्टिमर व्हीलर यांच्या हातीं आलीं. व्हीलर हे उत्खननशास्त्रांतील कुशल पुरुष. जमिनीचे थर काटेकोरपणें वाचण्याची पद्धति त्यांनींच येथील तरुण संशोधकांना शिकविली. १९४६ मध्यें हडप्पा येथें खणतांना त्यांना कच्च्या विटांच्या प्रचंड तटबंदीचा शोध लागला. तट सांपडतांच त्यांना ऋग्वेदांतील पुरांचा भेद करणारा पुरंदर आठवला. एका बाजूला तटबंद नगरें, दुसऱ्या बाजूला नगरें फोडणारा देव, आणि मध्यें मोहेंजोदडोच्या रस्त्यांत व घरांत पडलेले सांगाडे! १९४७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतांत त्यांनीं परिस्थितिजन्य पुराव्यावरून इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. नगराच्या ऱ्हासाला इतर कारणें लागलीं नसतील असें व्हीलर यांचें म्हणणें नव्हतें. परंतु शेवटचा घाव बाहेरून आलेल्या आर्य टोळ्यांनीं घातला आणि नगरवासीयांची सरसकट कत्तल केली, असें त्यांनीं सुचविलें.

ही कल्पना लोकांच्या मनांत झपाट्यानें रुजली, आणि तसें होणें स्वाभाविक होतें. तींत नाट्य होतें, तिला वेदांचा आधार दिसत होता, आणि ती समजावयास सोपी होती. पाठ्यपुस्तकांतून ती शिकविली गेली. परंतु तिच्यामुळें समाजाच्या अंगांत एक विषहि भिनलें. कोणाचे पूर्वज मारणारे आणि कोणाचे मारले गेलेले, कोण या भूमीचा आणि कोण उपरा, असे हिशेब लोक त्या चाळीसांच्या आंतल्या सांगाड्यांवरून मांडूं लागले. एवढा मोठा आरोप ज्या पुराव्यावर उभा होता, तो पुरावा पारखून घेणें म्हणूनच केवळ पंडितांच्या कुतूहलाची गोष्ट राहिली नाहीं.

पहिला आक्षेप ग्रंथांच्या बाजूनें आला. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं १९५३ मध्यें वाल्टेअर येथें भरलेल्या भारतीय इतिहास परिषदेच्या अध्यक्षपदावरून व्हीलर यांच्या उपपत्तीला विरोध दर्शविला. वेदांतील पुरांना ‘आयसी’, ‘शारदी’ अशीं विशेषणें लागलेलीं आहेत. तीं विटांच्या या नगरांना जशींच्या तशीं लागू करणें अवघड आहे, ही अडचण तर कोणाहि अभ्यासकाला दिसण्याजोगी होती. तथापि ग्रंथांचा अर्थ लावण्यांत मतभेदांना नेहमींच जागा असते. खरी साक्ष द्यावयाची होती ती हाडांनीं.

आणि हाडें तर अभ्यासकांच्या हातीं पूर्वींच आलेलीं होतीं! मार्शल यांच्या १९३१ च्या ग्रंथांत कर्नल स्यूएल व डॉ. बी. एस. गुहा यांनीं या सांगाड्यांचें सविस्तर वर्णन केलें होतें. परंतु त्या काळच्या मानवशास्त्राला कवटीविषयीं एकाच प्रश्नाची ओढ होती: ही कवटी कोणत्या वंशाची? त्याप्रमाणें कवट्यांची लांबी-रुंदी मोजून त्यांची विभागणी चार वंशांत करण्यांत आली. थोड्याशा, तुटक्या-फुटक्या कवट्यांवरून एका नगरांत चार वंश ठरले. पुढें या पद्धतीचा पायाच डळमळीत झाला. कारण एकाच गांवच्या, एकाच नात्यागोत्याच्या माणसांच्या कवट्यांतहि इतकी विविधता आढळते कीं, एकेका कवटीवर वंशाची चिठ्ठी चिकटविणें हें शास्त्र ठरत नाहीं.

या बाबतींत एका मराठी विदुषीची कामगिरी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. इरावती कर्वे या १९२० ते ३० या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं मानवशास्त्र शिकत होत्या. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनीं अधिक असमान असते व त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचें तें गमक होय, अशी गुरूची अपेक्षा होती. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या, आणि या असमानतेचा वंशाशीं कांहीं संबंध दिसत नाहीं असा निष्कर्ष आपल्या प्रबंधांत मांडला. परक्या देशांत, परीक्षकाच्या आसनावर बसलेल्या गुरूसमोर हें लिहिणें सोपें नव्हतें. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आल्यावर गुजराथेंतील लांघणज येथें निघालेल्या अश्मयुगीन सांगाड्यांचा अभ्यासहि त्यांनीं केला. हाड जें सांगतें तेंच लिहावयाचें, आपल्याला हवें तें त्याच्या तोंडीं घालावयाचें नाहीं, हा धडा त्यांच्या या आरंभींच्या कामांतूनच मिळतो.

हाड मग सांगतें तरी काय? पुष्कळ सांगतें. लहान मुलाचें वय दांत कोणते उगवले यावरून बऱ्याच नेमकेपणानें कळतें. वाढत्या वयांत लांब हाडांचीं टोकें मधल्या दांड्यापासून सुटीं असतात. तीं ठराविक क्रमानें जुळत जातात, त्यावरून तरुणाचें वय काढतां येतें. प्रौढाचें वय कटीच्या हाडांच्या सांध्यांवरील झिजेवरून अदमासानें ठरतें. तेंच कटीचें हाड स्त्री कीं पुरुष हेंहि सांगतें, कारण प्रसूतीसाठीं स्त्रीच्या कटीची घडण अधिक रुंद असते; बालकांच्या हाडांत मात्र हा भेद अजून स्पष्ट झालेला नसतो. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची निघते. लहानपणीं उपासमार किंवा मोठें दुखणें येऊन गेलें असेल, तर दांतांवरील चकाकत्या आवरणावर आडव्या खांचा राहतात. रक्तक्षयाची खूण डोळ्यांच्या खोबणींत व कवटीवर बारीक छिद्रांच्या रूपानें उमटते.

घावांच्या बाबतींत तर हाडाची साक्ष विशेष मोलाची ठरते. जिवंतपणीं झालेला घाव दोन-तीन आठवड्यांत भरूं लागतो. त्याच्या कडा बोथट होतात, नवें हाड धरूं लागतें. मरणसमयीं झालेल्या घावाला भरावयास वेळच मिळत नाहीं; परंतु हाड ताजें व ओलसर असल्यामुळें तें विशिष्ट रीतीनें चिरतें, आणि तुटलेल्या कडेचा रंग आसपासच्या हाडासारखाच असतो. शेंकडों वर्षांनंतर मातीच्या दाबानें, झाडाच्या मुळांनीं किंवा मजुराच्या कुदळीनें मोडलेलें हाड वाळलेल्या काटकीसारखें मोडतें, आणि त्याची नवी कड फिकट दिसते. संग्रहालयांत आल्यावरहि हाडें सुरक्षित असतात असें नाहीं. महायुद्धाच्या काळांत सुरक्षिततेसाठीं वाराणसीस हलविलेल्या हडप्पाच्या अस्थिसंग्रहाला १९४३ मध्यें वरुणा नदीच्या पुराचा फटका बसला. मोडलेलें हाड दिसलें कीं लगेच शस्त्र शोधावयास धांवणें किती धोक्याचें, हें यावरून समजेल.

इंद्राच्या बचावाचें पहिलें मोठें भाषण १९६४ मध्यें अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाचे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनीं केलें. त्यांनीं जुने अहवाल काढून एकेक सांगाडा कोणत्या थरांत, किती खोलीवर सांपडला तें तपासलें. तेव्हां असें दिसून आलें कीं, हे सांगाडे एकाच वेळचे आहेत असें म्हणावयास आधार नाहीं. कांहीं नगराच्या अखेरच्या काळापूर्वींचे, तर कांहीं ओसाड पडलेल्या वास्तूंत मागाहून टाकलेले वा पुरलेले असण्याचा संभव होता. निरनिराळ्या पिढ्यांतील मृतांना एकाच दिवसाच्या कत्तलींत बसवितां येत नाहीं. शिवाय नगर वेढा घालून जिंकलें असेल, तर बालेकिल्ल्यांत लढाईच्या खुणा असावयास हव्यात. पण सांगाडे सारे खालच्या वस्तींतले. जळालेल्या घरांचा थर नाहीं, विखुरलेलीं हत्यारें नाहींत, चिलखतें नाहींत. एवढ्या मोठ्या नगराच्या विस्तीर्ण उत्खननांत मिळालेले सांगाडे अवघे सदतीसच्या आसपास, आणि त्यांवर सबंध संस्कृतीच्या संहाराची कथा! पुढें किरणोत्सर्गी कर्बाच्या साहाय्यानें ज्या तारखा निघाल्या त्यांनीं नगराचा ऱ्हास ख्रिस्तपूर्व १९०० च्या सुमारास नेऊन ठेवला. व्हीलर यांनीं कल्पिलेला हल्ला ख्रिस्तपूर्व १५०० च्या सुमाराचा होता.

मग हाडांची पाळी आली. कॉर्नेल विद्यापीठाचे केनेथ केनेडी हे प्राचीन सांगाड्यांचे अभ्यासक तर होतेच, परंतु बेवारस अस्थींची ओळख पटवून न्यायालयाला साहाय्य करणाऱ्या शास्त्राचेहि ते अधिकारी जाणकार होते. त्यांनीं मोहेंजोदडोच्या अस्थि त्याच दृष्टीनें पुन्हा तपासल्या, आणि १९८२ व १९८४ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वीं शस्त्राचे घाव म्हणून गणलेल्या कांहीं खुणा मातीनें हाड झिजल्याच्या निघाल्या. प्राणघातक असूं शकेल अशी खूण फार तर एक-दोन कवट्यांवर होती. त्यांतहि एकीवरील घाव भरूं लागलेला होता, म्हणजे तो मनुष्य घाव बसल्यावर कांहीं आठवडे तरी जगला होता. कत्तलींत मेलेल्यांच्या अस्थींवर अशा खुणा फारच कमी असाव्यात, हें आरोपाशीं जुळत नव्हतें.

येथें एक शंका प्रामाणिकपणें पुढें ठेवली पाहिजे. प्रत्येक प्राणघातक वार हाडापर्यंत पोंचतोच असें नाहीं. गळा चिरला, पोटांत भाला खुपसला, तर सांगाडा अभंग राहूं शकतो. म्हणून घावांचा अभाव एवढ्याच आधारावर कोणीहि निर्दोष सुटत नाहीं. परंतु शस्त्रें घेऊन तुटून पडलेल्या जमावाच्या हातून डझनावारी माणसें मेलीं असतां डोक्यावर, हातांवर, बरगड्यांवर घाव उमटावयास हवेत. ते नाहींत, त्यांच्या जोडीला थरांची एकवाक्यता नाहीं, आग नाहीं, आणि काळहि जुळत नाहीं. तिन्ही बाजूंनीं पुरावा असा ढांसळला, तेव्हां आरोप टिकला नाहीं.

मग तीं चौदा माणसें त्या खोलींत मेलीं कशानें? केनेडी यांना अनेक कवट्यांवर रक्तक्षयाच्या खुणा आढळल्या, आणि सिंधूच्या पाणथळ कांठचा हिंवताप हें त्याचें एक कारण असावें असें त्यांनीं सुचविलें. तशाच खुणा निकृष्ट आहारानें व इतर रोगांनींहि उमटतात, हें पुढील अभ्यासकांनीं निदर्शनास आणलें आहे. तेव्हां तेथेंहि निकालाची घाई उपयोगाची नाहीं. ओस पडत चाललेल्या वस्तींत, रिकाम्या घरांच्या खोल्यांत, घाईघाईनें कोणीतरी आपलीं माणसें ठेवून दिलीं असतील, एवढेंच संभवनीय म्हणतां येतें.

हाडांनीं इंद्राची सुटका केली म्हणजे सिंधु-संस्कृति हें शांततेचें नंदनवन होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. अलीकडे ग्वेन रॉबिन्स शूग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हडप्पाच्या कवट्यांचा अभ्यास करून २०१२ मध्यें जें दाखविलें तें वेगळेंच आहे. तेथील कांहीं कवट्यांवर आघातांच्या खुणा स्पष्ट आहेत, आणि नगराबाहेर एके ठिकाणीं गोळा करून टाकलेल्या अस्थींत त्यांचें प्रमाण अधिक आहे. त्याच अस्थींत कुष्ठरोगाच्या व क्षयासारख्या रोगाच्या खुणाहि मिळाल्या. नगराची घडी विसकटूं लागली तेव्हां त्याची झळ सर्वांना सारखी लागली नाहीं. कांहीं माणसें रोगालाहि बळी पडलीं आणि शेजाऱ्यांच्या माराचीहि धनी झालीं. बाहेरून आलेला शत्रु नसतांहि माणसाचें डोकें फुटूं शकतें, ही हडप्पाच्या अस्थींची साक्ष कोणालाच सुखावणारी नाहीं.

आतां उरला प्रश्न बाहेरून कोणी आले कीं नाहीं हा. कत्तलीचा आरोप आणि स्थलांतराचा प्रश्न हे दोन निराळे खटले आहेत, आणि एकाचा निकाल दुसऱ्याला लावतां येत नाहीं. १९९१ मध्यें हेम्फिल, लुकाक्स व केनेडी यांनीं दांतांचीं व कवट्यांचीं मापें पडताळून सांगितलें कीं, ख्रिस्तपूर्व १५०० च्या आसपास लोकसमूहांत एकाएकी मोठा पालट झाल्याचें दिसत नाहीं. परंतु मापांच्या जाळ्याची भोकें मोठीं असतात. पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू होणारा संकर त्यांतून निसटून जातो. तें काम आतां हाडांत अडकून राहिलेल्या आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेनें होऊं लागलें आहे. हरयाणांतील राखीगढी येथील उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनीं केलें. तेथील साठांहून अधिक नमुने तपासले गेले. उष्ण हवामानानें त्यांतील बहुतेकांचें द्रव्य नष्ट झालें होतें, आणि एकट्या एका स्त्रीच्या अस्थींनीं उत्तर दिलें. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेलें तें उत्तर असें कीं, सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या स्त्रीच्या वंशवेलींत मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतील पशुपालांचा अंश नव्हता. आणि तिच्यासारख्या लोकांचा वारसा आजच्या दक्षिण आशियांतील बहुतेक लोकांत मोठ्या प्रमाणावर उतरलेला आहे. त्याच वर्षीं ५२३ प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासावरून दुसऱ्या एका संशोधक-मंडळानें दाखविलें कीं, त्या पशुपालांचा अंश ख्रिस्तपूर्व २००० ते १५०० या काळांत इकडे येऊन मिसळला.

या दोन निष्कर्षांपैकीं एकच उचलून मिरविणारे लोक दोन्ही बाजूंना आहेत. कोणी पहिलें उत्तर घेऊन म्हणतात कीं बाहेरून कोणी आलेंच नाहीं. कोणी दुसरें घेऊन म्हणतात कीं व्हीलर यांचें खरें ठरलें. अस्थींचें म्हणणें या दोघांहूनहि वेगळें आहे. माणसें आलीं, मिसळलीं, पिढ्यांमागून पिढ्या एकमेकांत विरघळून गेलीं. परंतु मोहेंजोदडोच्या गल्लींत त्यांनीं तलवार चालविल्याचा पुरावा नाहीं. आणि आज या देशांत राहणाऱ्या कोणाहि मनुष्याच्या अंगीं केवळ आलेल्यांचेंच किंवा केवळ असलेल्यांचेंच रक्त आहे, असें म्हणावयास हाडांनीं जागा ठेवलेली नाहीं.

व्हीलर यांच्यासारख्या थोर संशोधकाची ही चूक अज्ञानांतून झालेली नव्हती. थर वाचण्यांत त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता. पण दुसऱ्यांनीं आधीं खणून काढलेले सांगाडे त्यांनीं ऐकलेल्या कथेच्या प्रकाशांत पाहिले, आणि त्या कथेनें हाडांच्या आधीं साक्ष देऊन टाकली. स्यूएल व गुहा यांनीं वंश शोधला, मॅके यांनीं लुटारू शोधले, व्हीलर यांनीं इंद्र शोधला. त्या खोलींतील बांगड्या घातलेलीं माणसें कशानें आजारी होतीं, काय खात होतीं, लहानपणीं त्यांनीं कोणता दुष्काळ सोसला, हें त्यांना पुष्कळ काळपर्यंत कोणीं विचारलेंच नाहीं. तें विचारलें गेलें तेव्हां एका देवावरचा आरोप उतरला, हें खरें. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही झाली कीं, चार हजार वर्षें केवळ पुरावा म्हणून पडलेल्या त्या मृतांना पुन्हा माणसें म्हणून ओळख मिळाली.